संत्र्याचं भाडं

"असं समजा दोन्या, की ते कधी घडलंच नव्हतं," टेबलापलीकडची मुलगी म्हणाली, आणि हर्मेलिंदाच्या हातातलं पेन सहीच्या रेघेवर टेकता टेकता थांबलं.

मुलगी काही वावगं बोलली नव्हती. उलट मायेनंच बोलली होती, वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं दोन्या म्हणत. सिओमारा नाव तिचं, वकील. मानेवरचे केस पार उतरवलेले, भुवईत बारीक कडी, आणि आवाज सुई टोचण्याआधी नर्सचा असतो तसा. सकाळपासून चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सहा टेबलांवर असे सहा वकील बसले होते आणि प्रत्येकापुढे रांग होती. रांगेतल्या प्रत्येकाच्या नावावर कधीकाळचा गांजा होता. कुणाच्या खिशात सापडलेला, कुणाच्या गाडीत, कुणाच्या भावाचा, पण धरला गेला हा. आता तोच गांजा फर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर काचेच्या दुकानात, पांढऱ्या दिव्यांखाली, सोनाराकडच्यासारखा मखमलीवर मांडून विकत होते. आणि सरकार म्हणत होतं, या, जुने डाग धुऊन देतो. एक अर्ज, एक सही. फाईल बंद, वर शिक्का, पुन्हा कुणाला उघडता यायची नाही. "पोलिसांना नाही, घरमालकाला नाही, तुमच्या फादरनाही नाही," सिओमारा हसून म्हणाली होती. मधेच तिचा फोन थरथरला होता. "सॉरी हं, माझी बायको. तिला गाडी लावायला जागा मिळेना झालीय," म्हणत तिनं तो पालथा ठेवला होता. माझी बायको. शेंगदाण्याचं साल फुंकून टाकावं इतक्या सहज तो शब्द तिच्या ओठांवरून उडाला, आणि अडुसष्ट वर्षांच्या हर्मेलिंदानं तो डोळ्यांसमोरून जाताना पाहिला, अगदी हात पुढे केला असता तर सापडला असता. त्यानंतर ते दुसरं वाक्य आलं. कधी घडलंच नव्हतं. बसल्या जागी पायरी चुकावी तसं तिला झालं.

"मला ती वाचायचीय," ती म्हणाली.

"काय?"

"फाईल. तुम्ही बंद करणार ती. आधी वाचते."

सिओमारानं कडीची भुवई उचलली. "दोन्या, सकाळपासून बावीस जण झाले. कुणी वाचायला मागितली नाही. लोकांना ती बघवत नाही."

"मग मी तेविसावी."

मुलीनं खांदे उडवले, जाड पाकिटातून सात-आठ कागद काढले आणि पुढे सरकवले. हर्मेलिंदानं चष्मा काढला, पदरासारख्या खांद्यावर घेतलेल्या शालीच्या टोकानं पुसला आणि परत लावला. मांडीवरची कापडी पिशवी तिनं जराशी जवळ ओढली. पिशवीत जपमाळ होती, गुडघ्यांच्या औषधाची बाटली होती आणि एक संत्रं होतं. आज पहिली तारीख. पहिल्या तारखेला ती महामार्गाच्या उताराशी उभ्या असलेल्या बाईकडून एक संत्रं घेते, घरी नेऊन निएवेसच्या फोटोपुढे ठेवते, आणि मागच्या महिन्याचं सुकून लाकूड झालेलं उचलून कुंडीत पुरते. चार वर्षं झाली. त्या चार वर्षांत तिनं संत्र्याची एक फोडसुद्धा तोंडात घातलेली नव्हती. तसा तिचा नेम होता. कुणाला सांगितलेला नव्हता. सांगितलेल्या नेमातली निम्मी ताकद सांगण्यातच जाते, असं तिची आई म्हणायची.

कागदांचा वास काही येत नव्हता, आणि याचंच तिला नवल वाटलं. ती जागा, झडतीचा तो दिवस, म्हटलं की तिला आधी वास आठवायचा. उसाच्या दारूत मुरलेल्या पाल्याचा, त्यात टाकलेल्या रोजमेरीच्या काड्यांचा, आणि वर उकळत्या कोंबडीच्या रश्श्याचा. निएवेस ते औषध करायची. सीमेपलीकडच्या गेरेरोच्या डोंगरातली तिची आजी करायची, तिच्या आजीची आजी करायची. गांजाचा पाला आणि दारू, अंधारात चाळीस दिवस, आणि रोज सकाळी बाटली एकदा हलवायची, "झोपलेल्या पोराला कूस बदलून देतात तशी". त्याला घरात कुणी गांजा म्हणत नसे. पाणी म्हणत. "तुझं पाणी लावलंस का?" हर्मेलिंदा तेव्हा डाउनटाउनच्या कचेऱ्यांच्या फरशा पुसायची, गुडघ्यांवर रांगत, आणि घरी येऊन त्याच गुडघ्यांवर रोजरी म्हणायची, पाचही रहस्यं, एकही मणी न गाळता. पहाटे ती टेकायच्या आधी निएवेस पलंगाच्या कडेला बसून तिचे पाय आपल्या मांडीवर घ्यायची आणि पाणी जिरवायची. "तुझी ती माउली," भिंतीवरच्या मेरीमातेच्या चित्राकडे हनुवटी करून ती म्हणायची, "तिला उभ्यानं केलेली प्रार्थना ऐकू जात नाही का? का तिचे कान खाली आहेत?" "देवाला नावं ठेवू नकोस." "देवाला कुठं? मी तर तुझ्या गुडघ्यांची बाजू घेतेय." तिचा तळवा खरखरीत होता, संत्र्याच्या जाळीदार पोत्यांनी सोलवटलेला, ती महामार्गाच्या उतारावर संत्री विकायची, लाल दिव्याला थांबलेल्या गाड्यांमधून चालत. त्या तळव्याची धग पाण्याच्या गारव्यातून हळूहळू वर यायची. जपमाळ हातात घेण्याआधी हर्मेलिंदाची अर्धी प्रार्थना तिथंच होऊन गेलेली असायची, हे तिनं फादरपाशी कधी कबूल केलं नाही. ते पाप आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

आणि पाणी काही त्या एकाच घरात लागत नव्हतं. रविवारच्या मिस्साला चर्चच्या डाव्या बाजूच्या बाकांवर बसणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांतून तोच वास यायचा. वरून ऊद जाळत म्हणून बरं. दोन्या तोमासा, आजाऱ्यांना भेटी देणाऱ्या मंडळाची प्रमुख, जी आताही हॉलच्या टोकाला कॉफीच्या मोठ्या भांड्यापाशी उभी राहून कपांत साखर घालत होती, ती महिन्यातून एकदा मागच्या दाराशी यायची. पुढच्या दारानं नाही. मागच्या. आत येत नसे. उंबऱ्याबाहेरूनच रिकामी बाटली पुढे करायची, भरलेली घ्यायची, नजर मात्र हर्मेलिंदाच्या खांद्यावरून आत, पलंगावर जाऊन परत यायची. "देव तुझं भलं करो," म्हणायची. तुझं. तुम्हा दोघींचं कधी म्हणाली नाही.

पहिल्या कागदावर पत्ता होता. दुसऱ्यावर पोलिसाचं बारीक टायपिंग. हर्मेलिंदा बोट ठेवून वाचू लागली. एक खोली, एक स्वयंपाकघर. खिडकीत कॉफीच्या पत्र्याच्या डब्यांत चार झाडं, उंची अमुक. कपाटात मेरीमातेच्या मूर्तीमागे तीन बाटल्या. प्रौढ स्त्रिया दोन. मग एक ओळ होती, ती वाचून तिचं बोट थांबलं. *पलंग एक. उश्या दोन.*

त्यानं मोजल्या होत्या. तिला आठवलं, तो जाड मिशांचा पोलीस पलंगापाशी उभा राहिला होता आणि पेनच्या टोकानं एक उशी, मग दुसरी उशी, अशी हवेत टिचकी मारत होता. तेव्हा तिला वाटलं होतं, हा चेष्टा करतोय. तो लिहून घेत होता. अठ्ठावीस वर्षं कुठल्याशा तळघरात ती ओळ पडून होती. लग्नाची नोंद नाही, घराच्या करारावर एकच नाव, बँकेत एकच नाव, दफनाच्या दाखल्यावर निएवेसच्या नावापुढे कुणाचंच नाही. सरकारदरबारी अख्ख्या जगात त्या दोघी एका छपराखाली, एका पलंगावर होत्या त्या एवढ्या एकाच कागदात. तेही गुन्हा म्हणून.

झाडं आधी चार नव्हती, एकच होतं. एका झाडात डाव्या बाजूचे सगळे बाक निभत होते. बाकीची तीन लालोमुळे आली. लालो म्हणजे कोपऱ्यावरच्या बारमध्ये शनिवारी जांभळा झगा घालून गाणारा, सहा फूट उंच, टाचा घातल्या की दाराच्या चौकटीला नमस्कार करत आत येणारा. एक्क्याण्णव साली एड्सनं त्याचं वजन पंचेचाळीस किलोवर आलं होतं. सरकारी दवाखान्याच्या त्या मजल्यावर असे सतरा-अठरा जण होते, बहुतेकांच्या घरच्यांनी फोन उचलणं बंद केलेलं. अन्न बघितलं तरी त्यांना उमळून यायचं. निएवेसला कुणीतरी सांगितलं, दोन झुरके मारले की भूक लागते. आणि ती, जिनं जन्मात कधी धूर घेतला नव्हता, कारण तिच्या डोंगरात पाला अंगाला लावायचा असतो, ओढतात ते रिकामटेकडे, ती खिडकीत आणखी तीन डबे मांडून बसली. लालोला त्या घरीच घेऊन आल्या होत्या. तो त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायचा, हर्मेलिंदाचा आरसा मागायचा आणि थरथरत्या हातानं आधी लिपस्टिक लावायचा. "लालो, रस्सा निवतोय रे." "थांब गं बाई. ओठ रंगवल्याशिवाय धूर खाली उतरत नाही." मग दोन झुरके. मग डोळे मिटून वाट बघणं, तिघांनी. आणि मग तो म्हणायचा, "आण," आणि निएवेस वाडगा पुढे करायची, आणि तो खायचा. चार चमचे. सहा चमचे. एकदा अख्खा वाडगा, आणि वर तोर्तियाच्या पोळीनं पुसून. त्या दिवशी हर्मेलिंदानं गुडघे टेकून जी प्रार्थना म्हटली तिच्यात शब्द नव्हते, नुसते चमचे मोजले होते.

तिसऱ्या कागदावर तिचा जबाब होता. तो वाचायची गरज नव्हती. तरी तिनं वाचला, कारण टोचून घ्यायचं तर नीटच टोचून घ्यावं. *घराच्या करारावरील स्त्री सांगते की झाडे आपल्या एकटीची आहेत. दुसरी स्त्री भाडेकरू आहे. तिच्याशी कोणताही संबंध नाही. ती जमिनीवर झोपते.*

हर्मेलिंदा इथंच, या गल्लीत जन्मलेली. निएवेस सीमा ओलांडून आलेली, कागदाविना. दोघींचं घर म्हटलं असतं तर दोघींना बेड्या पडल्या असत्या, आणि एकीला तिथून थेट सीमेपलीकडे. हे सगळं हर्मेलिंदाच्या डोक्यात पोलीस उश्या मोजत होता तेवढ्या वेळात झालं. ती इंग्रजीत बोलली, भरभर. निएवेसला इंग्रजी येत नव्हतं. पण भाडेकरू हा शब्द गरिबाला कुठल्याही भाषेत आधी कळतो. हर्मेलिंदानं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. तिला दिसल्या त्या फक्त निएवेसच्या चपला, पलंगाखालून अर्ध्या बाहेर आलेल्या, आणि त्या चपलांच्या शेजारी तिच्या स्वतःच्या. कोर्टात न्यायाधीशानं विचारलं, मागच्या बाकावर बसलेली ती बाई कोण, तेव्हा ती पुन्हा म्हणाली, भाडेकरू. पाच महिने तुरुंगात काढले. तुरुंगात तिला पश्चात्ताप नव्हता. रोज रात्री ती मणी ओढायची आणि म्हणायची, माउली, ती तिथंच आहे ना, आपल्या घरात, झालं तर मग. त्या पाच महिन्यांत लालो गेला. निएवेसनं एकटीनं त्याला न्हाऊ घातलं, ओठ रंगवले.

ती सुटून घरी आली तेव्हा पहिली तारीख होती. टेबलावर एक संत्रं ठेवलेलं. पोत्यातलं सगळ्यांत चांगलं, पानासकट. निएवेस चुलीपाशी पाठ करून उभी होती. "हे काय?" "भाडं," निएवेस म्हणाली. "घरमालकीणबाई." हर्मेलिंदा हसली. हसताना तिच्या लक्षात आलं, की निएवेसचे खांदे हलत नाहीयेत. मग एका श्वासानं ते हलले, तीही हसली, दोघींनी मिळून ते संत्रं खाल्लं आणि त्याचा रस कोपरापर्यंत ओघळला. पण पुढच्या पहिल्या तारखेला पुन्हा संत्रं. त्याच्या पुढच्याही. चोवीस वर्षं एकही महिना चुकला नाही. भांडण झालेलं असो, ताप असो, संत्री महाग असोत. "भाडं ठेवलंय हं." घरातली ती सगळ्यांत जुनी थट्टा होती, पाहुण्यांना सांगायची, आणि दर महिन्याला त्या पहिल्या क्षणी, खांदे हलायच्या आधी, हर्मेलिंदाला वाटायचं, आज मी म्हणेन. म्हणेन की तू भाडेकरू नाहीस. पण कुणाला म्हणायचं? निएवेसला ते ठाऊकच होतं. तिला ठाऊक असलेलं तिलाच सांगून काय होतं? ते सांगायला हवं होतं ते ज्यांच्यासमोर नाकारलं त्यांना, आणि ते तर कधीचे जीप घेऊन निघून गेले होते.

जिभेला वळण लागतं. नेमाचं लागतं तसंच खोट्याचंही. चार वर्षांपूर्वी दवाखान्यात, निएवेसच्या नाकात नळ्या, बाहेर लिंबोणी फुललेली, आणि पाटी-कागद घेतलेली नर्स विचारते, "आपण यांच्या कोण?" आता बोलायला कसलीही आडकाठी नव्हती. दोन बायकांनाही लग्न करता येईल असा कायदा झाला होता, जोडपी कोर्टाच्या पायऱ्यांवर फोटो काढत होती. नर्सच्या स्वतःच्या गळ्यातल्या पट्ट्यावर सप्तरंगी टिकली होती. हर्मेलिंदानं तोंड उघडलं आणि तिच्या कानांनी ऐकलं, "घरमालकीण." नर्सनं लिहून घेतलं. पलंगावरून निएवेसनं डोळे उघडले. नळ्यांमागून, तुटक तुटक, पण सगळं सगळं नीट म्हणाली, "आणि मी... भाडं थकवलेलं नाही, हं." दोन दिवसांनी ती गेली. सान पेद्रोनं, प्रभूच्याच शिष्यानं, त्याला तीनदा नाकारलं, कोंबडा आरवायच्या आत. आणि मग तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला, असं शुभवर्तमानात लिहिलंय. हर्मेलिंदाला त्याचा हेवा वाटायचा. त्याला निदान कोंबडा ऐकू आला. या वस्तीत कोंबडे दुपारी बारालाही आरवतात, संध्याकाळी चारलाही. कुठला आपला, कसं कळावं?

"दोन्या?" सिओमारा पुढे वाकली होती. "बरं वाटतंय ना? पाणी आणू?"

पाणी. हर्मेलिंदाला हसू आलं. "नको. माझ्या पिशवीत आहे." मग तिनं बोट तिसऱ्या कागदावर ठेवलं. "हे खोटं आहे."

"कुठलं?"

"हे. भाडेकरू. ती भाडेकरू नव्हती."

सिओमारानं कागद आपल्याकडे वळवून वाचला. तिच्या चेहऱ्यावरची नर्स निघून गेली आणि तिच्या जागी कुणीतरी बरंच लहान येऊन बसलं. "ओह," ती म्हणाली. मग तिनं कागद परत वळवला. "दोन्या, हे तर सगळंच जाणार. अर्ज मंजूर झाला की हे खोटंही जाईल. उलट चांगलंच की."

"जाईल कुठं? बंद होईल. तुम्हीच म्हणालात, पुन्हा उघडता यायचं नाही. म्हणजे हे असंच राहणार, कायमचं."

"पण कुणी बघणार नाही."

"कुणी बघत नाही म्हणून तर खोटं टिकतं, पोरी." ती नेहमीच्याच मऊ आवाजात बोलत होती, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ऐकू गेलंही नसतं. "पुसायचं नाही मला. दुरुस्त करायचंय. त्याचा फॉर्म आहे का?"

"दुरुस्तीचा?" सिओमारानं दोन्ही हात डोक्यामागच्या उतरवलेल्या केसांवरून फिरवले. "नाही. तसा फॉर्मच नाही. पुसायचा आहे. फार तर अर्जासोबत तुमचं निवेदन जोडता येतं. पण मी वकील म्हणून सांगते, जोडू नका. तुम्ही लिहून देणार की पोलिसांशी खोटं बोललात. झाडं दोघींची होती. सरकारी वकील त्यावर अडून बसला तर न्यायाधीश अर्ज फेटाळू शकतो. मग तो डाग राहिला, बोटांचे ठसे गेले की दिसणार, आणि तुम्हाला ज्यासाठी हे हवंय ते..."

तिनं वाक्य सोडून दिलं. ज्यासाठी हवं होतं ते दोघींनाही माहीत होतं. गेली तीन वर्षं हर्मेलिंदा एकच गोष्ट मागत होती: आजाऱ्यांच्या घरी पवित्र भाकर घेऊन जायची. ज्यांना उठवत नाही, ज्यांचे गुडघे गेले, ज्यांच्याकडे कुणी येत नाही. मंडळाचा नियम होता, ठसे द्यायचे, नाव स्वच्छ हवं. रात्री झोपताना ती, ज्यात भाकर नेतात ती छोटी सोनेरी डबी गळ्यात असल्याची कल्पना करायची, तिचं वजन छातीच्या हाडावर. तेवढं एकच आयुष्यात मागायचं राहिलं होतं. ते आता समोर होतं, एका सहीच्या अंतरावर. सही केली की लालोच्या वाडग्यापाशी बसली होती तशी ती कुणाकुणाच्या खाटेपाशी बसू शकली असती. आणि त्याची किंमत एवढीच, की निएवेस जमिनीवर झोपलेली राहील.

तिला आज सकाळचं आठवलं. इकडे येताना कोपऱ्यावरच्या त्या गांजाच्या दुकानाच्या काचेत एक चपटी डबी मांडलेली होती, गुडघ्यांच्या दुखण्यावर. झाकणावर दोन वेण्या घातलेली, सुरकुतलेली, गोड हसणारी म्हातारी. खाली लिहिलं होतं, आजीचा खास नुस्खा. ती म्हातारी कुणाच्याच आजीसारखी दिसत नव्हती. हर्मेलिंदा काचेपुढे उभी राहिली होती आणि आतल्या मुलीनं हात हलवून बोलावलं होतं, या ना, या. तेव्हा राग आला नव्हता. तो आत्ता येत होता, खालून, गुडघ्यांतून वर, पाणी जिरवल्यावर धग चढते तसा. त्यांनी पाला घेतला, बाटली घेतली, आजी घेतली. तुरुंग तेवढा पुसून टाकला, की झालं. म्हणजे घडलंच नव्हतं. लालोनं खाल्लेले चमचे घडले नव्हते. चार डबे नव्हते. पलंग एक नव्हता.

"कागद द्या," ती म्हणाली.

"दोन्या, विचार करा."

"पोरी, तुझी बायको बाहेर गाडीत आहे ना?"

"हो."

"तिला भाडेकरू म्हणून दाखव बरं. एकदा. मोठ्यानं."

सिओमारानं कोरा कागद काढून पुढे ठेवला.

हर्मेलिंदा लिहू लागली, आणि लिहिता लिहिता शब्द ओठांवर येऊ लागले, कारण तिला आयुष्यभर हाताबरोबर ओठ हलवायची सवय होती, मण्यांमुळे. पण आवाज मऊ राहिला नाही. कसा ते तिलाही कळलं नाही. तो आपोआप चढत गेला, मिस्सामध्ये उत्तरं देतात त्या पट्टीत. "खोलीत एक पलंग होता. त्यावर मी आणि निएवेस झोपत होतो. झाडं दोघींची होती. एक गुडघ्यांसाठी आणि तीन ज्यांना जेवण जात नव्हतं त्यांच्यासाठी. ती माझी भाडेकरू नव्हती. माझी बायको होती. झाडं लावल्याचा मला पश्चात्ताप नाही. खोटं बोलल्याचा आहे." शेजारच्या रांगेतला एक गोंदवलेल्या मानेचा माणूस वळून बघत होता. त्यानं टोपी काढली, काय करावं न सुचून परत घातली. कॉफीच्या भांड्याची तोटी बंद झाली.

दोन्या तोमासा टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात कागदी कप, त्यावर रुमाल. "हर्मेलिंदा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "हळू गं. लोक ऐकताहेत."

"अठ्ठावीस वर्षं हळूच बोलले, दोन्या."

"सगळ्या हॉलला सांगायची काय गरज होती? आम्हाला काय ठाऊक नव्हतं? आंधळ्या होतो का आम्ही?" तोमासाच्या गालावर लाल ठिपके उमटले होते. "दर महिन्याला दाराशी येत होते मी."

"मागच्या." हर्मेलिंदानं पेनचं टोपण लावलं. "ठाऊक होतं, तर एकदा तरी विचारायचं होतंत. तुझी बाई कशी आहे, म्हणून. ती आजारी होती तेव्हा तुमचं मंडळ आमच्या गल्लीत तीन घरी येऊन गेलं. आमच्याकडे आलं नाही."

बाहेर कुणाच्या तरी परसात एक कोंबडा ओरडला, साडेअकराला, घसा फाटेस्तोवर. हर्मेलिंदानं मान वर केली. कोंबडा पुन्हा ओरडला. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "कुणी त्याला घड्याळ घेऊन द्या रे," आणि चार-दोन जण हसले.

तिनं निवेदन अर्जावर ठेवलं, कडा जुळवल्या आणि मग रेघेवर सही केली, पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता. "हे जोडूनच जाऊ दे. नाही म्हणाले तर म्हणू दे. बंद करायचं तर खरं बंद करा."

"आणि आजाऱ्यांकडे जायचं?" सिओमारानं विचारलं. तिचे डोळे भरले होते आणि ती ते वकिलासारखं लपवत होती.

"ते मी आधीपासून जातेय की. भाकर तेवढी नसते." हर्मेलिंदानं पिशवीत हात घातला. बाटली हाताला लागली, गार, जपमाळ लागली, मग संत्रं. घरी फोटो वाट बघत होता. फोटोपुढची जागा आज रिकामी राहणार होती. तिनं संत्रं टेबलावर, त्या सगळ्या कागदांच्या मधोमध ठेवलं आणि अंगठ्याचं नख त्याच्या डोक्यात रुतवलं.

साल फाटताच वास असा उसळला, की पुढच्या रांगेतली माणसं वळली. तिनं साल एका लांब पट्टीत उतरवली, निएवेस उतरवायची तशी, न तोडता. मग फोडी वेगळ्या केल्या. एक सिओमारापुढे धरली. मुलीनं ती तळहातावर घेतली, क्षणभर नुसतीच बघत राहिली आणि तोंडात टाकली. "वकीलबाईंची फी," हर्मेलिंदा म्हणाली, आणि मुलगी हसता हसता ठसकली.

दुसरी फोड तिनं तोमासाच्या कपावरच्या रुमालावर ठेवली. तोमासानं ती घेतली नाही, टाकलीही नाही. ती तशीच उभी राहिली, कप किंचित पुढे धरून, बाटली भरून मिळायची वाट बघत उंबऱ्याबाहेर उभी राहायची तशी. हर्मेलिंदानं तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. घाई नव्हती.

तिसरी फोड तिनं स्वतःच्या तोंडात घातली आणि दातांनी हळूच दाबली. चार वर्षांचा नेम होता. तो मोडताना काही फुटल्यासारखं वाटेल, असं तिला वाटलं होतं. फुटली ती फोड. गोड, जराशी आंबट, बीसकट. रस मनगटावरून कोपराकडे निघाला आणि तिनं तो पुसला नाही.

"भाडं पोचलं," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नव्हे, आणि या खेपेला तिचे खांदे हलले.